तालपुटाचे अश्रू आणि सीलबंद शवपेटी

संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गात गामणिसंयुत्त नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. निरनिराळ्या व्यवसायांचे म्होरके तथागतांकडे येतात आणि आपापल्या व्यवसायाविषयी प्रश्न विचारतात, असे त्याचे स्वरूप. त्यातील दुसऱ्या सुत्तात तालपुट नावाचा नटांचा म्होरका येतो. तिसऱ्यात योधाजीव, म्हणजे लढाईवर पोट भरणाऱ्यांचा म्होरका येतो. नटाच्या मागोमाग सैनिक. ही मांडणी हेतुपूर्वक झाली की पाठांतराच्या सोयीने, हा वाद येथे बाजूस ठेवू. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोघांचा प्रश्न एकच आहे. तालपुट म्हणतो, रंगमंचावर खऱ्याखोट्याच्या मिश्रणाने जो लोकांना हसवितो, रमवितो, तो मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असे आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले. योधाजीव म्हणतो, रणात पराक्रम करीत असताना जो शत्रूकडून मारला जातो तो देवलोकी जातो, असे आमचेही आचार्य सांगत आले. भगवंतांचे यावर काय म्हणणे आहे?

भगवान दोघांनाही दोनदा सांगतात की, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र उत्तर देतात. सैनिकाला सांगतात की, लढताना त्याचे चित्त 'हे प्राणी मारले जावोत' या विचाराने आधीच हीन झालेले असते आणि त्या अवस्थेत आलेले मरण स्वर्गाला नेत नाही, नरकाला नेते. नटाला सांगतात की, प्रेक्षक मुळातच रागाने, द्वेषाने आणि मोहाने बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे जे सादर करतो त्याने ती बंधने अधिकच घट्ट होतात. दोघेही रडू लागतात. आणि दोघेही तेच बोलतात: आपण असे म्हणालात म्हणून आम्ही रडत नाही, जुन्या आचार्यांनी आम्हांला इतका दीर्घ काळ फसविले म्हणून रडतो.

या तालपुटसुत्ताचा आधार घेऊन 'बौद्ध धम्म कलेच्या विरुद्ध आहे' असे म्हणणारे लेखक अधूनमधून आढळतात. त्यांनी थेरगाथा पुढे वाचलेली नसते. तालपुट भिक्खू झाला, अर्हत झाला आणि त्याच्या नावावरील गाथासमूह हा थेरगाथेतील दीर्घ काव्यांपैकी एक आहे. नटाने रंगमंच सोडला, पण शब्द सोडला नाही. तथागतांनी कलेला नाकारले नाही. कलेला लावण्याची कसोटी दिली. जे आधीच बांधलेले आहेत त्यांना ही कृती आणखी बांधते का? आणि तिच्या जोडीला दुसरी कसोटी, जी दोन्ही सुत्ते एकत्र वाचल्यावरच हाती लागते: मरणाच्या बदल्यात स्वर्ग देऊ करणाऱ्या आचार्यांच्या बाजूने ही कृती उभी आहे, की फसविल्या गेलेल्यांच्या बाजूने?

युद्धाने ग्रासलेल्या समाजात कलेचे कार्य काय, हा प्रश्न परिसंवादांतून वरचेवर विचारला जातो आणि उत्तर बहुधा ठरलेले असते: कला जखमा भरून काढते, माणसे जोडते. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. युद्धाच्या काळात कला सर्वांत अधिक राबविली जाते ती युद्धाकडूनच. गीत, पोवाडा, पुतळा, भित्तिचित्र, चित्रपट यांवाचून सैन्यभरती चालत नाही. म्हणून मी ही चर्चा एका अशा देशाच्या संदर्भात करू इच्छितो, जेथे हे सर्व आपल्याच धम्माच्या परिभाषेत घडले. तो देश श्रीलंका.

हे लिहिताना संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या बेटाने त्रिपिटक लिपिबद्ध केले त्या बेटाचे आपल्यावर ऋण आहे. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते. आपल्या अनेक विहारांत आजही तेथील भिक्खूंचे स्वागत होते. परंतु त्याच बेटावर २३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ तेरा सैनिक मारले गेले, त्यांचे मृतदेह कोलंबोत आणले जात असताना तमिळांवरील हिंसाचार पेटला आणि मे २००९ पर्यंत युद्ध चालले. ऋणाची जाणीव ही डोळे मिटून घेण्याची सबब होऊ शकत नाही.

प्रारंभ 'महावंसा'पासून करणे भाग आहे. पाली वाचणारे आपण त्याला इतिहास म्हणून हाताळतो आणि तो प्रथम काव्य आहे हे विसरतो. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कवी आपला हेतू सांगतो: सज्जनांच्या ठायी प्रसाद आणि संवेग उत्पन्न करणे. म्हणजे ही रसनिर्मितीची प्रतिज्ञा आहे. त्याहून जुन्या 'दीपवंसा'त दुट्ठगामणि राजाला थोड्याशा गाथा मिळाल्या आहेत. महावंसकाराने त्याला बाविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत अकरा परिच्छेद दिले. राजा भाल्यात धातू बसवून घेतो, भिक्खूंना बरोबर घेतो आणि तमिळ राजा एळार याच्यावर चालून जातो. विजयानंतर त्याला झोप येत नाही, इतकी माणसे आपल्यामुळे मेली. येथपर्यंत कवीच्या हाती अस्सल संवेगाचे बीज आहे. मग आकाशमार्गाने आठ अर्हत येतात आणि राजाची समजूत घालतात की, तू खरोखर दीडच माणूस मारलास. एकाने त्रिसरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही. उरलेले मिथ्यादृष्टी, पशुसमान.

पंचविसाव्या परिच्छेदातील हा भाग मी वर्गात शिकवितो तेव्हा शांतता पसरते. विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतोच, "सर, हे पालीत आहे?" पालीत आहे; बुद्धवचनात नाही. योधाजीवाला तथागतांनी जे नाकारले ते येथे कवीने अर्हतांच्या मुखी घातले. गीतेत अर्जुनाचा विषाद ज्या रीतीने मोडून काढला जातो त्याच रीतीने येथे राजाचा विषाद मोडून काढला गेला आहे. गीतेवरील बाबासाहेबांची टीका ज्यांना पटते, त्यांनी तीच टीका येथेही लागू करण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. अनुराधपुराच्या इतिहासातील हे दृश्य विसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांतून आणि नाटकांतून फिरत राहिले. २०१५ साली 'महाराज गेमुणु' नावाचा चित्रपटही निघाला. कवी मरून दीड हजार वर्षे होत आली, त्याची समजूत अजून राबते आहे.

याच्या शेजारी 'दि बुद्ध अँड हिज धम्म'चा पहिला खंड ठेवून पाहावा. वृद्ध, रोगी, शव आणि परिव्राजक यांचे पारंपरिक दृश्य बाबासाहेबांनी स्वीकारले नाही. त्यांनी प्रव्रज्येचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा घेतला. संघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याला सैन्यात भरती करण्याचा प्रस्ताव येतो. सिद्धार्थ भरती होण्यास नकार देतो. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून स्वतः गृहत्याग पत्करतो. बाबासाहेबांच्या या मांडणीवर इतिहासाच्या अंगाने पुष्कळ वाद झाला आहे. कथाकार म्हणून त्यांनी काय केले याकडे मात्र कमी लक्ष गेले. त्यांनी बौद्ध आख्यानाच्या केंद्रस्थानी सक्तीच्या भरतीला दिलेला नकार आणून बसविला. महावंसकाराने परंपरेला राजाचे सांत्वन दिले, बाबासाहेबांनी तिला एका तरुणाचा नकार दिला.

नकाराची हीच परंपरा मला प्रसन्न विथानगे यांच्या 'पुरहंद कळुवर' या १९९७ च्या सिंहली चित्रपटात दिसते. नावाचा अर्थ पौर्णिमेचा अंधार. कोरड्या प्रदेशातील एक खेडे, आटलेला तलाव. वन्निहामी नावाचा आंधळा म्हातारा. त्याचा मुलगा सैन्यात होता. एके दिवशी सैन्याच्या गाडीतून शवपेटी येते. ती सील केलेली, उघडू नये असा हुकूम. सन्मानाने अंत्यविधी होतो. सगळे गाव रडते, म्हातारा रडत नाही. मुलगा मेला हे तो मानायला तयार नाही. नुकसानभरपाईच्या कागदावर सही केली तर सरकारी पैसे मिळतील. घरात चणचण आहे, मुलीचे लग्न व्हायचे आहे, ग्रामसेवक खेटे घालतो. वन्निहामी सही करीत नाही. शेवटी तो स्वतः थडगे उकरू लागतो. पेटी उघडली जाते. आत केळीचे सोट आणि दगड.

कथा एवढीच. या चित्रपटात तोफ नाही, रणांगण नाही, भाषण नाही. जो अबेविक्रम या ज्येष्ठ नटाने वन्निहामीचे काम केले आहे. त्यांना त्यासाठी १९९९ साली सिंगापूरच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. परंतु पुरस्कारापेक्षा त्यांनी काय केले नाही हे सांगणे अधिक महत्त्वाचे. ते रडवीत नाहीत. असे दृश्य हाती आल्यावर प्रेक्षकांना हुंदके आणणे सामान्य नटालाही अवघड नव्हते. आपल्याकडे तर पार्श्वसंगीताने ते काम आधीच उरकले असते. येथे म्हातारा हाताने चाचपतो, काठीने जमीन शोधतो आणि गप्प राहतो. त्या गप्प राहण्यामुळे प्रेक्षकांचा शोक द्वेषात वळण्याची वाट बंद होते. शत्रूविषयी चीड यावी असे एकही दृश्य दिग्दर्शकाने दिलेले नाही. तालपुटाला सांगितलेल्या कसोटीवर हा चित्रपट उतरतो, तो येथे.

आंधळा मनुष्य सत्य पाहतो आणि डोळस गाव फसते, ही कल्पना जुनी आहे, काहीशी सोपीही. येथे ती खपते, कारण म्हाताऱ्याला सत्य ठाऊक नाही. त्याला केवळ एवढे ठाऊक आहे की, जे आपण पाहिले नाही, स्पर्शिले नाही, त्यावर सही करायची नाही. कालामांना दिलेला उपदेश एखाद्या शेतकऱ्याच्या वागण्यात उतरावा तसा तो येथे उतरला आहे. आणि गंमत अशी की, त्याला श्रद्धाळू उपासकांकडूनच विरोध होतो. पेटीत मृतदेह नव्हता म्हणून मुलगा जिवंत आहे असेही सिद्ध होत नाही. चित्रपट ते सिद्ध करीत नाही. राज्याने मरणावर लावलेले सील तेवढे तो तोडतो.

हे सील राज्याला किती मोलाचे होते ते पुढे दिसले. २००० सालच्या एप्रिलमध्ये एलिफंट पास येथील लष्करी तळ पडला आणि त्याच वर्षी या चित्रपटाचे प्रदर्शन युद्धस्थितीचे कारण देऊन रोखण्यात आले. विथानगे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. एका आंधळ्या म्हाताऱ्याने सही न करणे हे राज्याला रणांगणातील पराभवाइतके धोक्याचे वाटावे, याहून मोठा अभिप्राय कोणत्याही समीक्षकाला देता आला नसता.

या चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात तमिळ मनुष्य नाही. सिंहली पित्याच्या दुःखाइतकेच दुःख जेथे झाले, तो उत्तरेकडचा प्रदेश पडद्याबाहेर राहतो. ही प्रामाणिक मर्यादा आहे, आपल्या गावात जे दिसते तेवढेच दाखविण्याची. तरी ती मर्यादाच. ती भरून काढण्यासाठी दुसऱ्या बाजूच्या कलावंतांकडे जावे लागते. आणि तेथेही पूर्वाचार्यांची फसवणूक भेटतेच. वाघांच्या संघटनेने आपल्या मृत लढवय्यांना दहनाची रूढी मोडून दफन करावयास घेतले. ते पुरले जात नाहीत, बियाण्यासारखे पेरले जातात, अशी भाषा घडविली. दर वर्षी २७ नोव्हेंबरला त्या दफनभूमींत दिवे लागत. कवितेची शक्ती येथे कोणी नाकारू शकत नाही. परंतु योधाजीवाच्या आचार्यांनी देऊ केलेला देवलोक तो हाच. फक्त आकाशातून जमिनीत आलेला.

त्या भाषेला जाफन्यातूनच नकार मिळाला. कवयित्री सेल्वी हिला १९९१ साली वाघांनी उचलून नेले. ती परत आली नाही. त्याच वर्षी शिवरमणी या तरुण कवयित्रीने आपल्या कविता जाळल्या आणि जीवन संपविले. दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभे राहून लिहिणाऱ्याला स्वर्ग कोणीच देऊ करीत नाही.

युद्ध संपल्यावर, २०११ साली, जाफन्याचे चित्रकार टी. शनातनन यांनी 'दि इनकम्प्लीट थोंबू' नावाचे पुस्तक केले. थोंबू म्हणजे पोर्तुगीज-डच काळातील जमिनीची नोंदवही. युद्धात घर सोडावे लागलेल्या माणसांना त्यांनी आपल्या घराचा नकाशा आठवणीतून काढावयास सांगितले. हात थरथरत काढलेल्या त्या रेषांशेजारी वास्तुरचनाकाराने काढलेला रीतसर आराखडा, आणि मग चित्रकाराचे स्वतःचे रेखाटन. कोणाला विहीर आठवते, कोणाला झाड, कोणाला खोली नेमकी कोठे होती तेच आठवत नाही. १९८१ साली ज्या नगरातील सार्वजनिक ग्रंथालय सुमारे सत्याण्णव हजार पुस्तकांसह जाळले गेले, तेथील चित्रकाराने सौंदर्य निर्माण करण्याऐवजी नोंदवही करावी, हे मला अत्यंत उचित वाटते. वन्निहामी सही नाकारतो. येथे माणसे दप्तरात नसलेली नोंद स्वतःच्या हाताने करतात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची मुले असलेल्या आपल्या वाचकांना या पुस्तकाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कोलंबोत चंद्रगुप्त थेनुवर यांनी तपासनाक्यांवरील लष्करी रंगाचे पत्र्याचे पिंप १९९७ साली कलादालनात आणून मांडले आणि त्या मांडणीला 'बॅरलिझम' असे नाव दिले. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे जे दिसेनासे झाले होते ते त्यांनी पुन्हा दिसावयास लावले. कल्पना नेमकी आहे. मात्र 'इझम' लावण्याच्या हौसेशिवाय तिचे काही अडले नसते, असे मला वाटते.

आता किलिनोच्ची. एके काळी वाघांची प्रशासकीय राजधानी असलेल्या या गावात सैन्याने विजयस्मारक उभारले आहे. काँक्रीटचा एक प्रचंड घन. त्यात तोफगोळा घुसून त्याला तडे गेले आहेत. आणि वरून कमळ उमलले आहे. अर्थ सरळ आहे: घन म्हणजे शत्रू, गोळा म्हणजे सैन्य, कमळ म्हणजे शांतता. चिखलातून वर येऊनही चिखलाने न लिंपणारे कमळ हे आपल्या परंपरेतील विमुक्तीचे प्रतीक. येथे त्याचा देठ तोफगोळ्याचा केला गेला. महावंसकाराने भाल्यात धातू बसविला, या शिल्पकाराने गोळ्यावर कमळ बसविले. मधल्या पंधरा शतकांत कल्पनेत फारसा बदल झालेला दिसत नाही. वाघांच्या दफनभूमी मात्र नांगरल्यासारख्या सपाट करण्यात आल्या. २०२१ च्या जानेवारीत जाफना विद्यापीठातील मुल्लिवाय्क्काल स्मारकही पाडले गेले. विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनंतर ते काही महिन्यांत पुन्हा उभे राहिले.

हे करणाऱ्यांनी आपला महावंस तरी नीट वाचावयास हवा होता. ज्या पंचविसाव्या परिच्छेदात दीड माणसाची ती लज्जास्पद समजूत आहे, त्याच परिच्छेदात आणखी एक प्रसंग आहे. दुट्ठगामणि एळाराला मारतो, त्याचे अंत्यसंस्कार स्वतः सन्मानाने करवितो, तेथे चैत्य बांधतो आणि पूजा ठरवून देतो. कवी सांगतो की, आपल्या काळापर्यंत लंकेचे राजे त्या स्थळाजवळून जाताना वाद्ये बंद करीत. एळाराने चव्वेचाळीस वर्षे मित्र-शत्रू असा भेद न करता न्याय दिला, हेही तोच कवी लिहून ठेवतो. म्हणजे एकाच लेखणीने विष आणि उतारा दोन्ही लिहिले. परंपरा वाचणाऱ्याचे काम निवडण्याचे आहे, आणि तेथील सत्ताधाऱ्यांनी निवड केली ती दीड माणसाची. मिरवणुकीतील वाद्ये शत्रूच्या समाधीपाशी थांबतात, ही कलाकृती कोणी घडविली ते ठाऊक नाही. पण युद्धानंतर कलेने काय करावे, याचे इतके नेमके उत्तर मला अन्यत्र आढळले नाही.

लंकेला हे सुनावणे सोपे आहे. १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी जातो. १९२७ साली बाबासाहेब तेथे गेले होते. तो स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी बांधला. आपण तेथे जातो ते कंपनीच्या विजयासाठी नव्हे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत, म्हणून जातो. नाव आणि विजय यांतील हा भेद स्पष्ट आहे तोवर तो स्तंभ आपला आहे. त्या दिवशी गायिली जाणारी काही गाणी ऐकताना मात्र हा भेद पुसट होत चालल्याचे जाणवते. नावाऐवजी तलवार गायिली जाते, मारलेल्यांचे आकडे गायिले जातात. त्या गायकांची तळमळ मला परकी नाही, ती गाणी ऐकतच मी वाढलो. परंतु तालपुटही तळमळीचाच नट होता.

मागील वर्षी आमच्या विहाराच्या सभागृहात 'पुरहंद कळुवर' दाखविला. दिवे लागल्यावर एका निवृत्त सैनिक उपासकांनी उठून हरकत घेतली: बौद्ध देशाच्या सैन्याची अशी बदनामी विहारात कशासाठी? त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी सुत्ताचा संदर्भ देऊ लागलो, तोच मागील रांगेतील एक वृद्ध उपासिका बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "भाऊ, पेटी बंद होती ना? मग आईबापानं उघडून बघायची नाही होय?" उपासक काही क्षण उभे राहिले आणि मग खाली बसले. त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. पुढच्या पौर्णिमेच्या अभ्यासवर्गाला मात्र ते आले आणि योधाजीवसुत्त आपल्याला मुळातून वाचावयाचे आहे, असे म्हणाले. सध्या आम्ही ते दर रविवारी थोडे थोडे वाचतो. तथागत दोनदा नकार देतात तेथपर्यंत आलो आहोत.